साध्या वाटेने आलेले अर्ज

खिडकीताईंची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली.

खासगी कंपनीतली बारा वर्षांची नोकरी सोडून मी एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या संगणक विभागात लागलो होतो. चाळिशीला टेकलो होतो आणि वेबसाइट बनवण्यात आपला हात कोणी धरणार नाही, अशी माझी खात्री होती. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, डायलिसिसची वेळ नोंदवण्याचा ऑनलाइन अर्ज नवा करायला सांगितला. मी तीन दिवसांत केला. वार निवडला की रिकाम्या वेळा आपोआप खाली यायच्या. बटण दाबलं की पान जागचं हलायचं नाही, नुसती हिरवी खूण उमटायची. साहेबांनी तो दोनदा भरून पाहिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक बाई उठून आल्या. पन्नाशी उलटलेली, ठेंगणा बांधा, चष्मा दोरीला बांधून गळ्यात अडकवलेला.

"छान झालाय," त्या म्हणाल्या. "आता जावास्क्रिप्ट बंद करून भरून दाखवा."

जावास्क्रिप्ट म्हणजे पानासोबत आपल्या फोनमध्ये उतरणारा छोटा प्रोग्राम. पानावर जे काही आपोआप हलतं, उघडतं, मिटतं, ती सगळी त्याची करामत. मी तो बंद केला आणि बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. बटण ढिम्म.

"दाराला रंग सुरेख दिलाय," बाई म्हणाल्या. "पण दार उघडत नाही."

साहेब हसले. मी तडकून विचारलं, "अहो ताई, आजकाल जावास्क्रिप्ट बंद ठेवतं कोण?"

"ठेवत कोणीच नाही," त्या म्हणाल्या. "बंद पडतं." आणि आपल्या टेबलाकडे निघून गेल्या.

मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्याच आल्या आणि म्हणाल्या, "चला, तुम्हाला काहीतरी दाखवते." त्यांनी मला तळमजल्यावरच्या डायलिसिस वॉर्डात नेलं. तिथे भिंती हातभर जाड होत्या आणि फोनला रेंज कशीबशी एक काडी. बावीस खाटा, बावीस यंत्रं, आणि प्रत्येक खाटेशेजारी स्टुलावर कोणीतरी नातेवाईक. ताईंनी एका बाईंचा फोन मागून घेतला. मुलाने नवा घेतल्यावर आईकडे आलेला, काचेला तडा गेलेला फोन. त्यावर त्यांनी माझा अर्ज उघडला. मजकूर आला, रकाने आले, पण माझी जावास्क्रिप्टची फाइल अर्ध्यातच अडकली. बटण दिसत होतं, दाबताही येत होतं. उपयोग शून्य.

"या बाई असं बटण दाबून दाबून थकतात," ताई म्हणाल्या. "आणि त्यांना वाटतं, आपल्यालाच येत नाही."

नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचीही सोय राहिली नव्हती. अंगण मीच वाकडं केलं होतं.

त्यांना खिडकीताई हे नाव उगाच पडलं नव्हतं. याच रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर त्यांनी अठरा वर्षं काढली होती. ते दिवस कागदी अर्जांचे. एकदा डबा खाताना मी सहज विचारलं की संगणक शिकायचं कुठून सुचलं, तर त्यांनी डबा बाजूला सरकवला. मग सांगितलं.

"एक म्हातारे गृहस्थ यायचे. बायकोचा अर्ज घेऊन. दोन पानी अर्ज, आणि त्यांचा हात थरथरायचा. एक पान लिहायला अर्धा तास. एकदा त्यांनी जन्मतारखेच्या रकान्यात त्या दिवसाचीच तारीख घातली. नियम असा होता, की खाडाखोड चालणार नाही, अर्ज नवा भरायचा. मी कोरा अर्ज पुढे सरकवला. 'बाजूला बसून भरा, पुढचा कोण?' म्हटलं. बसले बिचारे. खिडकी बंद करायची वेळ झाली तरी त्यांचं पहिलंच पान चालू होतं. मग उठले, कागदाची घडी केली, खिशात घातली. मला म्हणाले, 'बाई, चूक एकाच ओळीत होती हो.' आणि गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं."

दुसऱ्या दिवसापासून ताईंनी नियम मोडला. चुकलेली एकच ओळ खोडायची, वर बरोबर लिहायचं आणि शेजारी स्वतःची सही करायची. वरून खुलासा मागवला गेला. त्यांनी एका ओळीत दिला: 'चूक अर्जदाराची, खाडाखोड माझी, जबाबदारी माझी.' त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

पुढे अर्ज ऑनलाइन झाले, खिडकीला पत्रा ठोकला आणि ताईंची बदली जुन्या कागदांच्या खोलीत झाली. वय सत्तेचाळीस. त्या गेल्या त्यावेळच्या साहेबांकडे. म्हणाल्या, मला संगणक विभागात घ्या. साहेबांनी विचारलं, येतं काय तुम्हाला? ताई म्हणाल्या, "माणसं अर्ज भरताना कुठे कुठे चुकतात ते येतं. बाकीचं शिकते."

दोन वर्षं त्या संध्याकाळच्या वर्गाला गेल्या. शेजारच्या बाकावर त्यांच्या मुलीच्या वयाच्या पोरी. त्यांची वही मी पाहिली आहे. दोनशे पानी, निळ्या शाईत हाताने लिहिलेला कोड, आणि समासात शंका. 'इथे माणसाने काहीच नाही लिहिलं तर?' 'इथे नावात टिंब आलं तर?' 'दोनदा दाबलं तर?' इतक्या वर्षांच्या नोकरीत मी असे प्रश्न समासात लिहिले नव्हते. समासच सोडला नव्हता म्हणा ना.

त्यांची पद्धत एकदा समजली की फार सोपी वाटायची. अर्ज आधी अगदी साधा करायचा, म्हणजे ब्राउझरला, फोनमधल्या पानं उघडणाऱ्या ॲपला, कुणाच्या मदतीशिवाय पाठवता येईल असा. रकाने, बटण, आणि कुठे पाठवायचं तो पत्ता. सर्व्हरवर, म्हणजे आमच्या बाजूच्या संगणकावर, तो तपासायचा. सगळं बरोबर असलं तर नोंद करायची आणि पोच दाखवणारं पान द्यायचं. चूक असली तर तोच अर्ज परत द्यायचा, चुकलेल्या ओळीशेजारी काय चुकलं ते लिहून. आणि बाकी भरलेलं सगळं जसंच्या तसं ठेवायचं. इथे त्या फार कडक होत्या. माझ्याकडून एकदा चुकून कोरा अर्ज परत जात होता, तर त्यांनी मला अख्खा अर्ज डाव्या हाताने दहा वेळा भरायला लावला. मी भरला. पाचव्या वेळीच अक्कल आली.

हे सगळं झालं, की मग त्यावर जावास्क्रिप्ट चढवायचं. ते चाललं तर अर्ज मागच्या मागे जाणार, पान हलणार नाही, हिरवी खूण येणार. नाही चाललं तर जुनी वाट आहेच. सर्व्हरने फक्त एवढं ओळखायचं की समोर कोण आहे. जावास्क्रिप्टने विचारलं तर मोजकं उत्तर, साध्या ब्राउझरने विचारलं तर अख्खं पान. तपासणी मात्र दोघांची एकच, एकाच ठिकाणी.

"दोन वाटांवर दोन पहारेकरी ठेवले," ताई म्हणायच्या, "की एक झोपणार हे धरून चाल." तोवर त्या मला 'अरे तुरे' करू लागल्या होत्या.

त्यांचे यजमान शिंपी. मी एकदा पँट शिवायला टाकली तेव्हा त्यांना गमतीने म्हटलं, "ताई प्रत्येक कामाला दुप्पट वेळ लावतात." त्यांनी कात्री खाली ठेवली. "कापडात माया सोडावी लागते हो, शिवणीपलीकडे थोडं जास्तीचं कापड. माणसाचं अंग सुटतं, कापड आटतं. माया न सोडता शिवलेला कपडा दुकानात झकास दिसतो." मग माझ्या पोटाकडे पाहून म्हणाले, "तुम्हाला दोन बोटं जास्तच सोडतो."

ताईंच्या हातून कधी काही चुकलंच नाही, असं मात्र नाही. एक मोठी चूक झाली होती, आणि ती त्यांनी स्वतःच मला सांगितली. मी येण्याआधीची गोष्ट. तेव्हा त्यांचा साधा अर्ज नोंद झाल्यावर त्याच जागी 'नोंद झाली' असं पान दाखवायचा. ते पान कोणी ताजं, म्हणजे रिफ्रेश, करायला गेलं, की ब्राउझर तोच अर्ज पुन्हा पाठवायचा. एका रुग्णाच्या भावाने काळजीपोटी पान पाच वेळा ताजं केलं. एकाच माणसाच्या पाच नोंदी झाल्या आणि मंगळवार सकाळ भरल्यासारखी दिसू लागली. त्यामुळे एका शाळेतल्या बाईंना जागा मिळाली नाही. त्यांचं डायलिसिस चुकलं आणि बुधवारी त्यांना धाप लागलेल्या अवस्थेत तातडीच्या विभागात आणावं लागलं. वाचल्या.

कारण कळलं तशा ताई सरळ त्यांच्या खाटेशी गेल्या. "तुमची वेळ माझ्या चुकीने गेली," म्हणाल्या.

शाळेतल्या बाईंनी प्राणवायूची नळी नाकाशी नीट केली आणि विचारलं, "चूक कळली का?"

"कळली."

"मग दुरुस्त करा आणि मला आणून दाखवा."

आठवड्याभरात ताईंनी दोन गोष्टी केल्या. अर्ज नोंदवला की सर्व्हर ब्राउझरला लगेच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून द्यायचा. मग तिथलं पान कितीही वेळा ताजं केलं तरी अर्ज पुन्हा जात नसे. शिवाय प्रत्येक कोऱ्या अर्जात एक दडलेला क्रमांक ठेवला. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की नोंद न करता पहिलीच पोच दाखवायची. फोन घेऊन त्या वॉर्डात गेल्या. शाळेतल्या बाईंनी अर्ज भरला आणि पान वीस वेळा ताजं केलं, बटण धडाधड दाबलं, मागे गेल्या, पुढे आल्या. नोंद एकच. "पास," त्या म्हणाल्या, "पण काठावर. अक्षरं बारीक आहेत." ताईंनी अक्षरंही मोठी केली.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षी साहेबांनी बैठक बोलावली. वेबसाइटचं रूप सांभाळायला बाहेरची एक कंपनी नेमली होती. तिचं म्हणणं असं, की साधी वाट काढून टाकावी म्हणजे काम निम्मं होईल.

"नव्व्याण्णव टक्के लोकांकडे जावास्क्रिप्ट चालतं," साहेब म्हणाले. "एका टक्क्यासाठी किती दिवस ओझं वाहायचं?"

"आपल्याकडे आठवड्याला चारशे अर्ज येतात," ताई म्हणाल्या. "एक टक्का म्हणजे चार माणसं. सहा नंबरच्या खाटेवरचे ड्रायव्हर. रंगाऱ्याची बायको. ती दोघं जुळी भावंडं, त्यांचा फोन एकच. झाले चार. यांना काय सांगू?"

"बाकी दवाखाने काहीतरी करतातच की."

"साहेब, तुम्ही म्हणाल तर काढते. फक्त लेखी द्या. आणि त्यात एक ओळ घाला, ज्यांच्याकडे चालणार नाही त्यांनी कुठे जायचं."

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी खरोखर कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि ती ओळ लिहायला बसले. चहा गार होईपर्यंत बसले. मग म्हणाले, "बघू पुढच्या महिन्यात."

पुढचा महिना यायच्या आतच तो शुक्रवार उजाडला.

येणाऱ्या आठवड्याच्या वेळा दर शुक्रवारी नऊ वाजता खुल्या व्हायच्या आणि बाराला बंद. पावणेदहाला मी सहज नोंदींची यादी उघडली. ताईंनी त्यात एक रकाना ठेवला होता, अर्ज कुठल्या वाटेने आला ते सांगणारा: 'जलद' किंवा 'साधी'. एरवी खालपर्यंत 'जलद, जलद' आणि मधूनच एखादं 'साधी'. त्या दिवशी वरपासून खालपर्यंत 'साधी'. एकशे तीस अर्ज, आणि एकही जलद नाही.

मी फाइली तपासल्या. बाहेरच्या कंपनीने सकाळी सगळ्या पानांवर अक्षरं मोठी करायचं एक बटण बसवलं होतं आणि त्याचा कोड आमच्याच फाइलीला जोडून दिला होता. त्यात एक कंस बंद करायचा राहिला होता. तेवढ्याने अख्खी फाइल मेली. रुग्णालयाच्या एकाही पानावर जावास्क्रिप्ट चालत नव्हतं, कोणाच्याच फोनवर. नव्यातल्या नव्या मॉडेलवरही नाही.

मी धावत ताईंकडे गेलो. "ताई, सगळं बंद पडलंय!"

"अर्ज येताहेत का?"

"येताहेत, पण सगळे..."

"येताहेत ना? मग बस. पाणी पी."

त्यांनी कंपनीला फोन लावला, चूक कुठे आहे ते शांतपणे सांगितलं. कंपनीचा माणूस जागेवर नव्हता. दुरुस्तीला पावणेबारा वाजले. तोवर अर्ज येतच राहिले. कोणाचा एक फोन नाही, तक्रार नाही. वॉर्डातल्या सिस्टरचा तेवढा निरोप आला, "आज पान जरा जुनाट दिसतंय हो, पण नंबर लागताहेत."

बारा वाजता मी सुटकेचा श्वास सोडला. ताईंनी नाही सोडला. त्या एकेक अर्ज वाचत बसल्या होत्या. मग चष्मा काढून त्यांनी मला जवळ बोलावलं.

"हे फोन नंबर बघ."

अकरा अर्जांत सोबतच्या नातेवाइकाचा नंबर अपुरा होता. कुठे एक आकडा कमी, कुठे दोन. अचानक वेळ बदलली किंवा काही कमीजास्त झालं, तर वॉर्ड त्याच नंबरवर फोन करतो. ही तपासणी मी दोन महिन्यांपूर्वी जोडली होती, आणि घाईत फक्त जावास्क्रिप्टमध्ये जोडली होती. सर्व्हरवर जोडायचं 'नंतर बघू' म्हणून राहून गेलं होतं. जलद वाटेवर पहारेकरी उभा होता. साध्या वाटेवर मी कोणाला उभंच केलं नव्हतं.

"माझी चूक आहे," मी म्हणालो. त्या खोलीत दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

"दिसतंय ते," ताई म्हणाल्या. "आधी सर्व्हरवर ती तपासणी घाल. मी तोवर केस पेपर काढते."

जुन्या कागदांच्या खोलीची त्यांना खडान्‌खडा माहिती. तासाभरात त्या अकरा फाइली कडेवर घेऊन आल्या. आम्ही दोघांनी मिळून नंबर जुळवले, फोन केले, नीट करून घेतले. नऊ जण लगेच सापडले. दहाव्याच्या घरी फोन लागेना म्हणून त्याच्या शेजाऱ्याकरवी निरोप धाडला. अकरावे आजोबा खालीच वॉर्डात होते. ताईंनी जाऊन नंबर विचारला, तर म्हणाले, "माझा नंबर मलाच पाठ नाही. मी मला कशाला फोन करू?"

साहेबांना कळलं ते संध्याकाळी. त्यांनी मला बोलावलं, यादी उघडली. एकूण तीनशे अठ्ठ्याऐंशी. तीनशे एकोणऐंशी साधे, शेवटच्या पंधरा मिनिटांतले नऊ जलद.

"साधी वाट काढली असती तर?"

"पावणेतीन तासांत... म्हणजे पावणेबारापर्यंत एकही आला नसता, साहेब," मी गडबडून म्हणालो. त्या फोन नंबरांचंही सांगून टाकलं. ताईंनी त्याबद्दल त्यांना अवाक्षर सांगितलेलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

साहेबांनी यादीची प्रत काढून घेतली. सोमवारी सगळ्या विभागांना पत्रक गेलं: रुग्णालयाचा कोणताही अर्ज आधी जावास्क्रिप्टशिवाय चालला पाहिजे, तपासणी सर्व्हरवर झाली पाहिजे, आणि चूक दाखवताना भरलेला मजकूर पुसला जाता कामा नये. भाषा शब्दन्‌शब्द ताईंची होती, नाव कुठेच नव्हतं. मला राग आला. त्यांना नाही. पत्रक दोनदा वाचून त्या म्हणाल्या, "तिसऱ्या ओळीत 'पुसला जाता कामा नये' हे ठळक करायला हवं होतं."

पुढची तीन वर्षं आम्ही दोघांनी मिळून रुग्णालयाचे एकोणीस अर्ज नव्याने बांधले. रक्तपेढी, एक्स-रे, लसीकरण, जन्माचे दाखले. शाळेतल्या बाईंनी त्यातले कितीतरी खाटेवर पडल्या पडल्या तपासून दिले आणि एकालाही पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. माझ्या आयुष्यात मी जेवढं काम केलं, त्यातलं अभिमानाने सांगावं असं हेच.

ताई निवृत्त झाल्या त्या दिवशी दुपारी चारला छोटा समारंभ होता. वॉर्डातल्या सिस्टर आल्या, यजमान नवा सदरा घालून आले, साहेब हातात भाषणाचा कागद घेऊन उभे राहिले. ताईंचा पत्ता नाही. मी बोलवायला गेलो तर त्या टेबलाशीच, चष्मा नाकावर.

"ताई, सगळे थांबलेत."

"पाच मिनिटं. दाखल्याच्या अर्जात आडनाव नसलेलं मूल बसत नाहीये. असतात अशी मुलं."

मी खुर्ची ओढून शेजारी बसलो. पाचाची पंचवीस मिनिटं झाली. साहेब स्वतः पाहायला आले, दारात उभे राहिले आणि परत गेले. चहावाल्याला म्हणाले, किटली झाकून ठेव. ताईंनी तो रकाना ऐच्छिक केला, सर्व्हरवर बदल चढवला, जावास्क्रिप्ट बंद करून एकदा भरून पाहिलं, चालू करून एकदा. मग पदराने चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "चल, आता काय बोलायचंय ते बोलू दे त्यांना."